नीतिशास्त्राच्या तासाला प्रॉक्सी

केमिस्ट्रीवाल्यांकडे बाटल्या साचतात, भूगोलवाल्यांकडे नकाशे, आणि आमच्या तत्त्वज्ञान विभागात साचतात ते किस्से. कारण उघड आहे. आम्हाला प्रयोगशाळा नाही, त्यामुळे प्रयोग करायचे तर एकमेकांवरच करावे लागतात! बरं, हे किस्से बाहेर सांगावेत तर लोक म्हणतात, "काहीतरीच! एवढी शिकलेली माणसं असं वागतात होय?" अहो, शिकलीत म्हणूनच तर वागतात!

आधी माणसं सांगते, तीनच आहोत. विभागप्रमुख जोगळेकर सर, राहणार सदाशिव पेठ, कट्टर उपयुक्ततावादी. म्हणजे ज्यानं जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख होईल ते बरोबर, बाकी सगळं चूक. सुखदुःखाची बेरीज-वजाबाकी सर सकाळी दात घासतानाच सुरू करतात. त्यांच्यासमोर बसतात देवधर मॅडम. त्या कर्तव्यवादी. परिणाम गेले खड्ड्यात, नियम म्हणजे नियम, आणि पहिला नियम असा की खोटं बोलायचं नाही. तीस वर्षं दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून भांडतायत. तिसरी मी, वैशाली राऊत, मूळची यवतमाळची, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर प्राध्यापक, नाही घेतला तर कोणीच नाही. मी कुठल्या वादाची, असं मला कोणी विचारत नाही. डोकं तापलं की मी सरळ वऱ्हाडीत भांडते, हे सगळ्यांना माहीत आहे.

आणि या वर्षी डोकं तापायला कारण होतं. जूनमध्येच प्राचार्यांनी कागद पाठवला की टी. वाय.च्या तत्त्वज्ञानाला किमान पंधरा नियमित विद्यार्थी हवेत, डिसेंबरात विद्यापीठाची समिती येऊन बघेल, कमी असतील तर विषय बंद. सर पुढच्या वर्षी रिटायर होणारच होते. मॅडमना दुसरीकडे कुठलेतरी तास मिळाले असते. राहता राहिले मी. विषय बंद म्हणजे मी यवतमाळच्या गाडीत! तिथे आईनं गल्लीभर सांगून ठेवलंय, "पोरगी पुण्यात प्रोफेसर हाय." सहा वर्षं ती हे सांगतेय. आता तिला काय सांगायचं?

आणि मुलं किती होती? नावं पंधरा. वर्गात बसणारी चौदा!

*

सरांचं गणित मला पहिल्याच दिवशी कळलं. मी रुजू झाले, तर टेबलावर चार बेसनाचे लाडू होते. सरांनी डबा उचलून सगळाच माझ्यासमोर ठेवला.

"घ्या राऊत, चारही तुमचे."

"अहो सर, तुम्ही?"

"मला डायबेटिस. मी खाल्ला तर सुख दोन मिनिटं आणि दुःख आठ दिवस. तुम्ही आत्ताच गाडीतून उतरलात, भुकेल्या आहात. एकूण सुख तुमच्या पोटात सर्वांत जास्त निघतं."

मी पण कायले लाजते? खाल्ले चारही. चौथा संपत आला तेव्हा पेपरामागून मॅडमचा आवाज आला, "जोगळेकर, मला डायबेटिस नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"तुम्हाला लाडू दिला असता तर 'का दिला' असं विचारून तुम्ही अर्धा तास वाद घातला असतात. तो त्रास हिशोबात धरला आणि तुम्ही कटलात!"

*

मॅडमचं खोटं न बोलणं म्हणजे नुसतं तत्त्व नाही, आमच्या कॉलेजातला तो एक धोका आहे. एकदा गॅदरिंगला प्राचार्यांच्या मिसेसनी घरून पोहे करून आणले. सगळे "वा वा" म्हणत होते. मॅडमना विचारलं, "कसे झालेत?" मॅडम म्हणाल्या, "मीठ विसरलात." आणि मग अगदी प्रामाणिकपणे, "कोथिंबीर ताजी आहे."

फोनवर तर ऐकण्यासारखं असतं. कोणीतरी कर्ज देणारी मुलगी फोन करते, "मॅडम, दोन मिनिटं बोलू शकता का?"

मॅडम म्हणतात, "बोलू शकते. बोलायचं नाहीये." आणि फोन ठेवतात.

मुलांनी यावर उपाय काढलाय. कॉलेज बुडवून सिंहगडावर जायचं असेल तर निघताना मॅडमच्या केबिनसमोरून जायचं नाही. कारण मग आईचा फोन आला की मॅडम खरं सांगणार. मुलं मागच्या जिन्यानं जातात. तो जिना आमच्याकडे 'नैतिक जिना' म्हणून ओळखला जातो!

*

पण हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नाही. सर एक जुनी गोष्ट अजून सांगतात आणि सांगताना अजून चिडतात. मी यायच्या पुष्कळ आधी एका मुलाची हजेरी एका तासानं कमी भरली. नियम होता पंच्याहत्तर टक्क्यांचा आणि कमी होता फक्त एक तास! मुलगा रडला, आईला घेऊन आला. सर मॅडमना म्हणाले, "अहो, एका चौकटीत एक अक्षर बदला. कोणाचं काय बिघडणार आहे? पोराचं वर्ष वाचेल!"

मॅडम म्हणाल्या, "तो त्या दिवशी नव्हता."

संपलं. मुलाचं वर्ष गेलं. घरी बसला, पुढच्या साली परीक्षा दिली, मग कुठे गेला कोणास ठाऊक.

मी एकदा मॅडमना विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. आठ दिवस जेवण गेलं नाही."

"मग?"

"मग काय? मला वाईट वाटलं म्हणून तो त्या दिवशी वर्गात आला होता का?"

सांगा, अशा बाईशी काय बोलणार!

*

आता सरांच्या उपयुक्ततावादाचं मोठं प्रात्यक्षिक. घरी सरांच्या मिसेसचे, म्हणजे आमच्या काकूंचे, गुडघे धरले होते. सर औषध आणायला निघाले, दुकानात रांग. मागच्या माणसाला ऑफिस गाठायचं होतं, सर म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा." त्याच्या मागच्या बाईंचं बाळ रडत होतं, "तुम्हीही व्हा." सरांनी विचार केला, मी रिटायरमेंटला आलेला माणूस, मला काय घाई? इथे माझी पाच मिनिटं जातात, तिथे दुसऱ्याचं केवढं काम होतं! असे अकरा लोक त्यांनी पुढे काढले. बारावे सर. काउंटरला पोचले आणि दुकानदारानं शटर अर्धं खाली ओढलं.

"अहो, एकच पट्टी हवीय!"

"चारला या."

"पण मी इथे पाऊण तास उभा आहे!"

दुकानदार म्हणाला, "बघत होतो. मला वाटलं तुम्हाला उभं राहायला आवडतं."

सर घरी गेले आणि काकूंना समजावलं, की बघ, अकरा माणसांना सुख झालं, दुःख झालं फक्त एकीला. म्हणजे जगात आज एकूण सुख वाढलंच!

काकू म्हणाल्या, "अकरांचं सुख ज्याच्या-त्याच्या घरी गेलं. माझं दुःख मात्र इथेच राहणार आहे, तुमच्यासोबत."

सर चारला पहिले उभे होते. पावणेचारलाच.

*

टी. वाय.ला सर दरवर्षी ट्रॉलीचं कोडं घालतात. फळ्यावर रूळ काढतात. ट्रॉली सुटलीय, ब्रेक फेल, पुढे रुळावर पाच माणसं. तुमच्या हाताशी खटका आहे. ओढलात तर ट्रॉली बाजूच्या रुळावर जाईल, पण तिथेही एक माणूस आहे. ओढणार का? पाच वाचवायला एक मारणार का? जगभर यावर पोथ्या लिहिल्या गेल्यात.

आमच्या वर्गात खडकीची एक मुलगी आहे, वडील रेल्वेत. ती उठली, "सर, रुळावर माणसं असताना लाल झेंडा लावतात. झेंडा कुठाय?"

"झेंडा नाही, असं धरून चाला."

"असं कसं धरून चालू? मुकादमाला सस्पेंड करा आधी!"

नारायण पेठेतला एक मुलगा म्हणाला, "सर, 'रुळावर बसू नये' अशी पाटी होती का?"

"होती समज."

"मग पाटी वाचूनही पाच जण बसले असतील तर माझी काही सिम्पथी नाही."

मग उठला ओंकार. धायरीचा. धायरी आता फ्लॅटांनी भरलीय, पण ओंकार गावातल्या जुन्या घरातला आणि बोलणंही तिथलंच. "सर, त्या पाचात माझा कोनी पाव्हना हाय का?"

"नाही. सगळे अनोळखी."

"मग शक्य न्हाय सर. पाच मानसं हायेत आणि आमचा एकबी पाव्हना न्हाय? ही ट्रॉली पुन्याची न्हायच!"

सर घामाघूम झाले. तेवढ्यात मॅडम मस्टर न्यायला दारात आल्या. सर म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सांगा यांना. खटका ओढायचा की नाही?"

मॅडमनी फळ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"खटक्याला हात लावायचा नाही. तो रेल्वेचा आहे."

*

आता त्या पंधराव्याकडे येते. त्याचं नाव रोहन. ॲडमिशन घेतली, फी भरली, महिनाभर आला आणि जुलैत हिंजवडीला कॉल सेंटरमध्ये नोकरीला लागला. मी फोन केला, "अरे, ये ना आठवड्यातून एकदा तरी! माझ्या नोकरीचा प्रश्न आहे रे बाप्पा!"

"मॅडम, रिअली सॉरी, शिफ्ट आहे. पण देवधर मॅडमना थँक्स सांगा हां. कस्टमरला खोटं न बोलता नाही कसं म्हणायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. माझं रेटिंग टॉपला आहे!"

घ्या! उपयोजित नीतिशास्त्राचा आमचा एकमेव यशस्वी विद्यार्थी, आणि तोच गैरहजर!

मुलांना माझी काळजी होती, हे मला नंतर कळलं. ऑगस्टात मॅडम हजेरी घेत होत्या. रोहनचं नाव आलं आणि मागून आवाज आला, "हजर!"

मॅडमनी मान वर केली. "रोहन, उभा राहा."

ओंकार उभा राहिला. दोन मिनिटांपूर्वीच तो स्वतःच्या नावानंही हजर झाला होता.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांचा राग फार शांत असतो, तो जास्त वाईट. म्हणाल्या, "ओंकार, आपण काय शिकलो? कुठलीही गोष्ट करण्याआधी स्वतःला काय विचारायचं?"

"सगळ्यांनीच असं केलं तर काय व्हईल, ते."

"मग सांग. सगळ्यांनीच असं केलं तर काय होईल?"

ओंकारनं प्रामाणिकपणे विचार केला. "वर्ग फुल्ल दिसंल मॅडम. आणि राऊत मॅडमची नोकरी ऱ्हाईल."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी रोहनपुढे 'ग' लिहिला, गैरहजरचा. मी बाहेर व्हरांड्यात उभी होते, मला सगळं ऐकू आलं. खरं सांगू? मला त्या दिवशी मॅडमचा भयंकर राग आला. त्यांच्या त्या एका अक्षरापुढे माझी सहा वर्षं काहीच नव्हती का?

*

नोव्हेंबर संपेपर्यंत विभागात दुसरा विषय नव्हता. सर मला धीर द्यायचे, "वैशाली, तू अजिबात काळजी करू नकोस." राऊतची मी वैशाली झाले होते, इतकी परिस्थिती गंभीर! "समितीनं विचारलं की मी सरळ पंधरा म्हणणार. एक छोटं खोटं. त्यातून तुझी नोकरी, चौदा मुलांची डिग्री आणि पुढच्या सगळ्या मुलांचा विषय वाचतो. इतकं सोपं गणित मी आयुष्यात पाहिलं नाही."

मॅडम टेबलापलीकडून म्हणायच्या, "आणि मस्टर मागितलं तर?"

"तेवढं तुम्ही भरा."

"मी भरणार नाही."

"मग मॅडम, या पोरीला तुम्हीच गाडीत बसवून द्या!"

  समिती यायच्या आदल्या दुपारी मॅडम मस्टर पिशवीत घालून घरी घेऊन गेल्या. मी म्हटलं, उद्या लागणार आहे म्हणून बेरजा तपासणार असतील. बेरजांचं काय हो, माझी तर वजाबाकीच होणार होती! घरी जाऊन मी बॅग काढून ठेवली. भरली नाही, नुसती काढून ठेवली.

सकाळी समिती आली. दोघं जण होते, एक तरुण बाई आणि एक पन्नाशीकडे आलेले, केस पिकलेले, डॉ. निमकर म्हणून. आत आल्या आल्या निमकर मॅडमसमोर थांबले.

"ओळखलंत, मॅडम?"

मॅडमनी एकदा पाहिलं. "ओळखलं. तुमचा एक तास कमी होता."

 तो मुलगा! एका तासापायी वर्ष गेलेला! आता आमचा फैसला याच्या हातात? मी मनात म्हटलं, वैशाली, बॅग भरायला हवी होती.

निमकर बसले. फाइल उघडली. सरांकडे वळून म्हणाले, "सर, टी. वाय.ला नियमित विद्यार्थी किती?"

सरांनी घसा साफ केला. चार महिने ज्याची तयारी केली तो एक शब्द बोलायचा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, कानापर्यंत लाल झाले.

"चौदा," सर म्हणाले.

मी डोळे मिटले. अरे देवा! जन्मभर सुखाच्या बेरजा शिकवल्या या माणसानं, आणि ऐन वेळेला तोंडातून खरं निघालं! त्या क्षणी माझ्या जिभेवर अस्सल वऱ्हाडी शिवी आली होती. समिती होती म्हणून गिळली.

"पंधरा," मॅडम म्हणाल्या.

 निमकरांनी पेन खाली ठेवलं. "सर तर चौदा म्हणाले."

"सरांचं गणित कच्चं आहे."

सरांचं तोंड उघडंच राहिलं. तीस वर्षांत एवढा मोठा अपमान त्यांचा कोणी केला नसेल, आणि त्यांना तो कळायला पण बराच वेळ लागला.

"मस्टर बघू," निमकर म्हणाले.

मॅडमनी पिशवीतून मस्टर काढून दिलं.  निमकरांनी पान उलटलं, दुसरं उलटलं, मग बोट एका ओळीवर ठेवून सावकाश पुढे सरकवत नेलं. मी मान लांब करून पाहिलं. रोहनची ओळ होती. जिथे 'ग' होते तिथे खाडाखोड करून, एकाच शाईनं, मॅडमच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात 'ह', 'ह', 'ह', 'ह'. एकही चौकट मोकळी नाही. आयुष्यात कधी खोटं न लिहिलेल्या बाईनं एकदाच लिहायला घेतलं, आणि कुठे थांबायचं ते तिला माहीत नव्हतं!

"हा रोहन," निमकर म्हणाले, "रविवारी पण हजर आहे."

"हो," मॅडम म्हणाल्या.

"पंधरा ऑगस्टला?"

"हो."

"दिवाळीच्या सुट्टीत?"

मॅडमचे कान आता सरांच्या कानांसारखे झाले होते. पण मान ताठ. "अतिशय नियमित मुलगा आहे."

निमकरांचं बोट त्या ओळीवरच होतं. शेजारच्या तरुण बाई पुढे वाकल्या, "सर, यात काही शंका आहे का?"

निमकरांनी मस्टर मिटलं. "नाही. या मॅडम खोटं लिहीत नाहीत," ते म्हणाले. "मी त्यापायी एक वर्ष घरी बसलोय." आणि फाइल ओढून त्यांनी सही केली. त्या बाईंनीही केली.

मला रडू आलं. मी खिडकीकडे वळून नाक पुसलं. सर अजून गणित कच्चं असल्याच्या धक्क्यातच होते.

समिती उठली. दारापर्यंत पोहोचवायला मॅडम गेल्या, मागोमाग मी. तरुण बाई जिना उतरायला लागल्या तसे निमकर मागे वळले, मॅडमच्या जवळ आले आणि अगदी हळू, वर्गात चूक झाल्यावर मुलगा बाईंशी बोलतो तसे बोलले,

"मॅडम, नोव्हेंबरचे दिवस तीसच असतात. तेवढा एकतिसावा खोडून घ्या."